दुसरा चौकोन

चहाच्या पेढीवर चव घेण्याच्या खोलीत बोलायचं नाही, हा नियम आप्पांचा. आप्पा जाऊन बावीस वर्षं झाली, नियम राहिला. चहाच्या वाफेत माणसाच्या तोंडाची वाफ मिसळली की चव बिघडते, असं ते म्हणायचे. खरं की खोटं, कुणी तपासलं नाही. खोलीत पाटी होती, खडू होता आणि चमचा होता. कपावर चमचा एकदा वाजला की माल पास. दोनदा वाजला की परत.

रविवारी सकाळी त्याच खोलीत तीन माणसं एकदमच बोलत होती आणि चौथं खिडकीशी उभं होतं. जिच्याबद्दल बोलत होती ती पाचवी, टेबलाच्या टोकाला हनुवटीखाली मफलर धरून गप्प बसली होती.

सगळे मावतील असं टेबल दुसरीकडे नव्हतं, हे खरं. पण आत्याने ही खोली निवडली ती टेबलासाठी नाही. इथे गप्प बसलं तर कुणी का म्हणून विचारत नाही. ती आप्पांची थोरली मुलगी, भाऊंची बहीण. भाऊंच्या मुलाने बोलायला लागल्यावर तिला आत्या म्हटलं आणि मग गोदामातल्या हमालांपासून मालाच्या दलालांपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. कुठली पत्ती किती मिसळायची हे चाळीस वर्षं तीच ठरवत होती.

भाऊंनी हॉस्पिटलचा फॉर्म तिसऱ्यांदा हातात घेतला आणि तिसऱ्यांदा चष्मा शोधला. चष्मा डोक्यावर होता.

"हे दोन चौकोन कशाला?" ते म्हणाले. "परवा तर एकच ऑपरेशन म्हणत होते."

"एकच आहे," धाकटी म्हणाली. भाऊंच्या पाठची बहीण, सव्वीस वर्षं नर्स. रात्रपाळी संपवून थेट आली होती, अंगावर अजून ड्यूटीचाच ड्रेस. "कानामागे हाडाला नाण्याएवढं भोक पाडणार. आत घशाकडे जाणारी नस असते. तिच्यावर बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते आणि दर ठोक्याला नसेला डिवचत राहते. ती उचलायची, मधे छोटासा बोळा ठेवायचा, बंद करायचं. हा पहिला चौकोन."

"मग झालं की. पहिल्यावर खूण कर."

"आणि तिथे रक्तवाहिनी नसलीच तर? ताईच्या फोटोत ती नीट दिसत नाहीये. डोकं उघडलं, बघितलं, काही न करता शिवलं, असं चालेल तुला? तेव्हा मग नसच कापायची. हा दुसरा. बेशुद्ध माणसाला उठवून विचारता येत नाही, म्हणून आधी लिहून घेतात. उद्या नऊला फॉर्म द्यायचाय, मंगळवारी ऑपरेशन."

"कापल्यावर काय जातं?" मुलाने विचारलं. भाऊंचा मुलगा दुकानंदुकानं फिरून माल खपवायचा, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत काय मिळतं आणि काय जातं हे आधी विचारायची त्याला सवय.

"दुखणं जातं."

"नर्सआत्या, ते कळलं. अजून काय?"

धाकटीने बोटांवर मोजायला सुरुवात केली. ती वॉर्डात नातेवाइकांशी बोलते त्या आवाजात बोलायला लागली, आणि तो आवाज भाऊंना अजिबात आवडायचा नाही. "जिभेचा मागचा भाग, डाव्या बाजूचा, त्याची चव जाते. सर्जन म्हणाले साधारण माणसाला पत्ताही लागत नाही. शेजारच्या नसेचे एक-दोन धागे पण कापावे लागतात. त्याने आवाज बसू शकतो, गिळायला त्रास होतो, ठसका लागतो. कुणाचं दोन-तीन महिन्यांत सुधारतं, कुणाचं नाही. बाकी बहिरेपण, ताप, डोक्यातलं पाणी गळणं, झटका. ते दोन्ही चौकोनांत आहेच."

"साधारण माणसाला," भाऊ म्हणाले. "ही साधारण आहे?"

"दादा, तिला पाणी गिळता येत नाहीये."

"मी म्हटलं का ऑपरेशन करू नका म्हणून? पहिला चौकोन करा. कापाकापी नको. हिची जीभ म्हणजे हे घर आहे. जिभेच्या मागे काय लागतं? कडू, तुरट, सगळा शेवट तिथे लागतो. मंत्रालयापासून टपरीपर्यंत लोक आपला चहा का पितात? शेवटासाठी."

"तू दाढेच्या वेळी पण असाच ठाम होतास."

झालं. हे निघणारच होतं. भाऊंनी फॉर्म खाली ठेवला. पहिल्यांदा दुखलं तेव्हा आत्या कानाखाली हात धरून बसली होती आणि भाऊ तिला आपल्या शाळेतल्या मित्राकडे घेऊन गेले होते. मित्र दातांचा डॉक्टर. त्याने एक दाढ काढली. दुखणं थांबलं नाही म्हणून तिच्या शेजारची काढली. दोन्ही धडधाकट निघाल्या. मित्राने त्या डबीत घालून दिल्या होत्या, का कुणास ठाऊक. तेव्हापासून आत्या भाऊंच्या गाडीत बसत नव्हती. रिक्षा करायची.

"तेव्हा कुणाला कळलं होतं?" भाऊ हळूच म्हणाले. "तुला कळलं होतं? तू तर दवाखान्यातच असतेस."

धाकटीलाही कळलं नव्हतं. खरं तर कुणालाच कळलं नव्हतं. आत्याला बोलताना दुखायचं, म्हणून आत्या बोलायची बंद झाली, आणि बोलावं लागू नये म्हणून दिवसभर या खोलीत बसायला लागली. दुसऱ्या घरात म्हातारी बाई आठ महिने बोलली नाही तर लोकांनी डॉक्टर आणला असता. इथे लोक एकमेकांना म्हणाले, आत्या कामात आहे. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून जायचे.

"मी काय म्हणतो," मुलगा म्हणाला, "नवा माल तीन आठवड्यांत येतोय. तेवढा आत्याच्या जिभेखालून जाऊ दे. वर्षाचं मिश्रण ठरलं की मग करू दे ना ऑपरेशन, दोन्ही चौकोन करू दे. गोळ्या आहेतच तोवर."

"गोळ्या वाढवल्या की तिला जिने दोन दिसतात," धाकटी म्हणाली. "परवा ती तिसऱ्याच जिन्यावरून उतरायला निघाली होती."

"मी नुसतं सुचवलं."

"तू सुचवत नाहीस. तू सौदा करतोस."

मुलाची बायको खिडकीशी उभी होती. भाऊ तिला सूनबाई म्हणायचे आणि तिच्याकडे बघून फारसं काही म्हणायचे नाहीत. ती नवऱ्याकडे बघत होती. तीन आठवडे, तो म्हणतो. तीन आठवडे म्हणजे एकवीस सकाळी. आजवर अशा किती सकाळी झाल्या ते तिला पाठ होतं, कारण त्या तिने एकटीने मोजल्या होत्या.

रोज साडेसहाला ती आत यायची. झाकणाच्या छोट्या भांड्यांत पत्ती, वर उकळतं पाणी, वाळूचं घड्याळ उलटं. सहा मिनिटं. मग कपांत ओतायचं, ओल्या पत्तीची झाकणं कपांवर पालथी ठेवायची. आत्या चमचा भरून ओठांशी न्यायची. पूर्वी ती तो सुर्रकन ओढायची, इतक्या जोरात की अंगणात ऐकू जायचं. आता चमचा ओठांशी जायचा आणि तसाच पिकदाणीत रिकामा व्हायचा. सुर्र करायची ती सून. तिने पहिल्यांदा केलं तेव्हा ठसका लागून टेबल भिजलं होतं. आत्या तिच्याकडे बघायची. सून भुवई उचलायची किंवा नाक मुरडायची. मग आत्या कपावर चमचा वाजवायची, एकदा किंवा दोनदा, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल असा.

दोघींनी हे कधी ठरवलं नव्हतं. ठरवायला बोलावं लागतं.

म्हणजे आठ महिने हे घर ज्या जिभेवर चाललं ती माझी, असं सूनबाईला म्हणता आलं असतं. मग भाऊंचं अर्धं भांडण तिथेच संपलं असतं. पण ते म्हणायचं म्हणजे या खोलीतून आत्याची खुर्ची उचलून बाहेर ठेवायची. खिडकीच्या काचेवर तिने नखाने एक डाग खरवडला. तो बाहेरून होता.

अकरा वाजले. धाकटीने पिशवीतून गोळीची पट्टी काढली आणि कोमट पाण्याचा पेला आत्यासमोर ठेवला.

"ताई, थोडं थोडं. मान पुढे कर."

आत्याने गोळी ठेवली, घोट घेतला आणि डोळे मिटून तो तसाच तोंडात धरला. गिळायच्या आधी ती नेहमी असं थांबायची, थंड पाण्यात उतरणाऱ्या माणसासारखी. मग तिने गिळलं.

तिचा हात कानावर गेला. टेबलावरचा कप आडवा झाला आणि गडगडत कडेला जाऊन थांबला. तोंडातून आवाज आला नाही. नुसती मान डावीकडे वाकडी झाली, गालावरची एक शीर उडत राहिली. आणि मग, आज पहिल्यांदा, तिचे डोळे वर गेले आणि ती खुर्चीतून सरळ खाली घसरली.

"धर," धाकटी ओरडली. मुलाने धरली. धाकटीने तिला फरशीवर आडवी केली, पाय खुर्चीवर ठेवले, दोन बोटं मनगटावर दाबली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागली. तिचे ओठ हलत नव्हते. बोटांना मोजण्यासारखं काही लागत नव्हतं म्हणून.

भाऊंनी हे पाहिलं. बहिणीच्या तोंडाकडे नाही, दुसऱ्या बहिणीच्या ओठांकडे.

मग ओठ हलले. एक. बऱ्याच वेळाने दोन. मग तीन, चार, जवळ जवळ.

"आली," धाकटी म्हणाली. "ही नस हृदयाला पण खेचते. सर्जनने सांगितलं होतं, असं होऊ शकतं म्हणून. मला वाटलं हिला नाही होणार." तिने लगेच फोन लावला, दोन-तीन वाक्यं बोलली, हो हो म्हणाली आणि ठेवला. "गाडी पाठवतायत. तासाभरात. आजच भरती करा म्हणाले. फॉर्म सोबत आणा."

आत्या उठून बसली होती. मफलर सरळ करत होती. तिला लाज वाटत असावी, कारण ती कुणाकडेच बघत नव्हती.

"काप म्हणावं," भाऊ म्हणाले. त्यांनी टेबलावर चाचपलं. "कुठाय पेन? दुसरा चौकोन. दोन्ही चौकोन. अजून चौकोन असतील तर तेही."

"थांब दादा."

"आता तू थांब म्हणतेस? सकाळपासून तूच..."

"सकाळपासून मी बोलतेय कारण मला भीती वाटतेय," धाकटी म्हणाली. ती फरशीवरच बसली होती, पाठ टेबलाच्या पायाला लावून. वॉर्डातला आवाज संपला होता. "आमच्याकडे एक होता. सतरा नंबरच्या खाटेवर. हेच ऑपरेशन नाही, पण याच नसा. दुखणं गेलं त्याचं, साफ गेलं. गिळणं पण गेलं. नाकातून नळी. चार महिने रोज मीच त्याला नळीतून भरवायचे. सुतार होता. एकदा मला लिहून म्हणाला, सिस्टर, आज चहा घाला नळीतून. मी घातला. चव लागत नाही, पण पोटात गरम लागलं म्हणाला. त्याचा सुधारला घसा नंतर. नाही असं नाही. पण मी खूण कर म्हणाले आणि हिचं तसं झालं, तर नळी कोण घालणार आहे? मीच."

सकाळी जे कापू नका म्हणत होते ते आता पेन शोधत होते, आणि जी करा म्हणत होती तिने फॉर्म मांडीवर पालथा घातला होता. मुलगा दोघांच्या मधे उभा होता, हातात तो आडवा पडलेला कप घेऊन.

"मग मिश्रणाचं?" तो शेवटी म्हणाला. वाईट हेतूने नाही. त्याला दुसरं काही सुचेना.

"गेलं खड्ड्यात मिश्रण," भाऊ म्हणाले. आणि लगेच, स्वतःलाच ऐकवल्यासारखं, "हिच्याशिवाय ते होणार नाही, हे मला माहीत आहे. रोज सकाळी पहिला कप मी पितो. दुसऱ्या कुणाचा हात लागला तर मला एका घोटात कळेल. कळू दे. बंद करू. पण ही..."

"नाही कळलं तुम्हाला," सून म्हणाली.

ती खिडकीकडे तोंड करूनच बोलली होती, त्यामुळे भाऊंना आधी वाटलं रस्त्यावरून कुणी बोललं.

"काय?"

"आठ महिने झाले, बाबा. तुम्ही रोज पिताय ते मी केलेलं आहे."

मुलाने हातातला कप टेबलावर ठेवला. "तू? मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का, सकाळी साडेसहाला कुठे जातेस?"

"मला वाटलं आत्याला मदत."

"तीच करत होते."

भाऊंनी आत्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं ती मान हलवेल, या पोरीला गप्प बसवेल. आत्याने हात लांब करून पाटी ओढली. खडू मोडका होता. तिने लिहिलं, खरं आहे. मग जरा विचार करून खाली लिहिलं, तुला कळलं नाही म्हणून मी खूप हसले.

"हसलीस?"

आत्याने खडूने पुसटशी भर घातली. मनात. हसताना दुखतं.

धाकटीच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा की कशाचा, तिलाही सांगता आलं नसतं. भाऊ खुर्चीत बसले. गेल्या महिन्यातच त्यांनी एका जुन्या व्यापाऱ्याला छाती फुगवून सांगितलं होतं की आमच्या ताईचा हात अजून तसाच आहे. व्यापारी म्हणाला होता, कळतं हो. दोघेही शहाणे.

"मग प्रश्न मिटला," भाऊ थकून म्हणाले. "सूनबाई आहे. काप म्हणावं."

प्रश्न मिटला नव्हता, हे त्या खोलीत एकट्या आत्याला माहीत होतं.

तिने त्या पोरीच्या भुवयांवर विश्वास ठेवला होता. भुवई वर गेली की चमचा एकदा, नाक वाकडं झालं की दोनदा. पण त्या मिश्रणाचा एक थेंबही तिच्या स्वतःच्या जिभेवर आला नव्हता. आठ महिने तिच्या नावाने जो चहा लोक पीत होते, तो कसा लागतो हे तिला माहीत नव्हतं. आणि मंगळवारनंतर कदाचित कधीच कळणार नव्हतं.

तिने सूनबाईकडे पाहिलं आणि वाळूच्या घड्याळावर बोट ठेवलं.

सूनबाईला कळलं. ती किटलीकडे गेली.

"ताई, नाही," धाकटी म्हणाली. "आत्ता दहा मिनिटांपूर्वी तुझा ठोका थांबला होता. मी बघत बसणार नाही."

आत्याने पाटी पुसली आणि लिहिलं. एक चमचा. थुंकणार. गिळणार नाही.

"ओढलं तरी घशाला लागतंच ना."

पाटीवर उत्तर आलं, लागू दे.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. वॉर्डात तिने कितीतरी लोकांना नाही म्हटलं होतं आणि त्यातले काही जण नंतर भेटलेच नव्हते. "फरशीवर बसून," ती म्हणाली. "पाठ भिंतीला. माझी बोटं मनगटावर. आणि फक्त एक."

मग सहा मिनिटं कुणी बोललं नाही. नियम म्हणून नाही. वाळू पडत होती आणि सगळे तिकडेच बघत होते. भाऊंनी उठून खिडकी लावली, बाहेरच्या गाड्यांचा धूर आत येऊ नये म्हणून. आप्पा असंच करायचे. सूनबाईने कपात ओतलं, झाकण पालथं ठेवलं, कप दोन्ही हातांनी खाली आत्याजवळ आणून ठेवला. तिचे हात स्थिर होते. मानेवर घाम आला होता.

आत्याने चमचा भरला. आधी वास घेतला. रंग पाहिला. मग ओढला, जुन्यासारखा, सुर्रकन, आणि अंगणातली कबुतरं उडाली.

पहिला क्षण तिला मिळाला. जिभेच्या टोकावर गोडसर, बाजूला तरतरी, मग मागे, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे. तिथे काय आहे ते तिने पाहून घेतलं. नंतर दुखण्याची तार तापली. घशातून कानात, कानातून परत घशात. तिने पिकदाणीत थुंकलं, धाकटीचा हात धरला आणि भिंतीला डोकं टेकून वाट पाहिली. धाकटी मोठ्याने मोजत होती. एकोणीस, वीस, एकवीस. आकडे तुटले नाहीत. साठाच्या पुढे कधीतरी तार थंड झाली.

सूनबाई गुडघ्यांवर बसली होती. तिला काहीही ऐकायची तयारी होती, आणि तरीही नव्हती.

आत्याने चमचा उचलला आणि कपावर वाजवला. एकदा.

मग दुसऱ्यांदा.

भाऊ म्हणाले, "अगं, मला तर रोज..." आणि थांबले.

आत्याने पाटी मांडीवर घेतली. कडू शेवटी रेंगाळतं. मोठ्या पत्तीची अर्धी मूठ कमी. बाकी चांगलं. तिने ते सूनबाईकडे फिरवलं. सूनबाईने दोनदा वाचलं. तिचे कान लाल झाले होते. आठ महिने तिला जे थोडं चुकतंय असं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं, ते तिथे लिहिलं होतं. हे शेवटचं कडू तिला स्वतःला अजून नीट सापडत नव्हतं. या खोलीत ते सापडणारी जीभ एकच होती.

ते आत्यालाही कळलं होतं; आता ते पोरीला दाखवून द्यायचं, तेवढंच उरलं होतं. तिने धाकटीच्या मांडीवरचा फॉर्म घेतला, भाऊंच्या खिशातलं पेन काढलं. पहिल्या चौकोनात खूण केली. मग दुसऱ्यातही केली, सावकाश, दोन रेघा, आणि खाली सही. सही करताना पेन अडलं. तिने ते झटकलं आणि पूर्ण केली.

मनगटावरची बोटं धाकटीने अजून काढली नव्हती.

सूनबाई उठली. कपातला चहा मोरीत ओतला, भांडं विसळलं, डब्यांतून पत्ती काढली आणि मोठ्या पत्तीची अर्धी मूठ परत डब्यात टाकली. किटली पुन्हा शेगडीवर ठेवली, पाणी उकळताच ते पत्तीवर ओतलं. रुग्णवाहिका यायला अजून चाळीस मिनिटं होती.

आत्याने हात लांब केला आणि वाळूचं घड्याळ उलटं केलं.